सांगितलेला स्वभाव

१५ नोव्हेंबर १९५९, रविवार. दौंड

उद्यापासून मी शाळेत शिकवणार नाही. हेडबाईंनी वर्षभराची रजा दिली. शिरूरच्या मिशनशाळेत मुलींना भूगोल शिकवत होते, आता डॉ. घारपुऱ्यांची मदतनीस. हे डॉक्टर औषधाचे नव्हेत, मनाचे. अमेरिकेत शिकून आलेत. पुण्याच्या एका संस्थेतर्फे ते शिरूरला आणि दौंडला सल्ला केंद्र काढताहेत. ज्याला मनाची काही अडचण असेल त्यानं यायचं, बोलायचं. आठवड्याचे पहिले दिवस शिरूर, शनिवार-रविवार दौंड. म्हणजे सुट्टीला घरी पपांजवळ राहता येईल.

जेवताना पपांनी विचारलं, "लोक आपल्या मनातलं तुला का सांगतील, दबोरा?"

"कारण ते बाहेर जाणार नाही."

"मग लिहून कशाला घ्यायचं?"

पपा गार्ड आहेत. गाडी सुटायच्या आधी प्रत्येक डब्याचं दार हलवून बघायची त्यांना सवय. मी हसले आणि ताट उचललं.

१८ नोव्हेंबर, बुधवार. शिरूर

शाळेच्या वसतिगृहाच्या कोपऱ्यातली खोली केंद्राला मिळाली. दोन खुर्च्या, एक टेबल, खिडकीला पडदा. कृपामावशींनी पडदा लावून दिला, पण तोंड वाकडं करून. त्या वसतिगृहाच्या मेट्रन आणि माझ्या आईची जुनी मैत्रीण, त्यामुळे मला बोलण्याचा त्यांना हक्क आहे. "स्वभाव असा खुर्चीवर बसवून कळतो होय गं?" म्हणाल्या.

डॉक्टरांनी आधी माझीच चाचणी घेतली. काही प्रश्न होय-नाहीचे, काही शाईच्या डागांची चित्रं. संध्याकाळी त्यांनी निष्कर्ष सांगितला. स्थिर बुद्धीची, विश्वासू, भावनेच्या आहारी न जाणारी. म्हणाले, "मिस चक्रनारायण, अशी माणसं फार थोडी. म्हणून तर हे काम तुमच्याकडे आलं."

लहानपणापासून मला सगळे रडूबाई म्हणत आलेत. आई गेली तेव्हा मी आठवडाभर जेवले नव्हते. तरी डॉक्टरांना जे दिसलं ते वरवरचं नसणार. आज आरशात पाहिलं तर खरंच शांत वाटले.

२८ नोव्हेंबर, शनिवार. दौंड

रेल्वे कॉलनीत केंद्राला एक रिकामी क्वार्टर मिळाली आहे. आज पहिल्यांदा आले हौसराव. यार्डात सांधेवाले, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारे, मूळचे खुटबावचे. पपांना 'गार्डसाहेब' म्हणून ओळखतात. उंच माणूस, पण खुर्चीच्या कडेला बसले, खुर्ची दुसऱ्याची असल्यासारखे. दिवाळीआधी शंटिंगच्या वेळी त्यांचा जोडीदार त्यांच्या डोळ्यांदेखत दोन डब्यांच्या मध्ये सापडून गेला.

"झोप लागंना, बाई. डोळं मिटलं की त्यो उभा ऱ्हातो. काय बोलत न्हाई. नुसता उभा."

सोबत बायको सारजाबाई आणि वर्ष-दीड वर्षाची मुलगी. मुलगी सगळा वेळ त्यांच्या मिशा ओढत होती आणि ते तसेच, मिशा ओढू देत, माझ्या प्रश्नांना उत्तरं देत होते. राग येतो का? न्हाई. कुणाला मारावंसं वाटलं का? न्हाई. सारजाबाई मध्येच म्हणाल्या, "ह्यांनी कवा कोंबडीबी कापली न्हाई. म्याच कापती."

मी डॉक्टरांना विचारलं, लोकांची उत्तरं आपण संस्थेच्या अभ्यासासाठी लिहून घेतो, हे त्यांना सांगायला नको का? ते म्हणाले, "सांगितलं की माणूस सावध होतो. मग दिसतो तो त्याचा सावधपणा, स्वभाव नव्हे. आपण सल्ला देतोच आहोत ना?" हे मला पटलं.

५ डिसेंबर, शनिवार. दौंड

हौसरावांना आज निष्कर्ष सांगितला. सांगायचं काम माझं. डॉक्टरांची भाषा पुस्तकी, लोकांना कळत नाही. शिवाय ते म्हणतात, "तुमच्या तोंडून ऐकलं की लोकांना खरं वाटतं. गार्डसाहेबांची मुलगी, शाळेतली बाई."

गंमत म्हणजे हौसरावांची उत्तरं मी अजून शाईनं उतरवूनही काढली नव्हती. डॉक्टरांना ती लागलीच नाहीत. केवढा अनुभव असेल!

निष्कर्ष असा, की हौसरावांच्या स्वभावात खोल दबलेला राग आहे. आजवर बाहेर आला नाही म्हणून तो नाही असं नाही. येईल तेव्हा सर्वांत जवळच्या माणसावर येईल.

मी जमेल तितक्या सौम्यपणे सांगितलं. ते बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "पर बाई, मला तर कवा जाणवलं न्हाई."

डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मी म्हटलं, "म्हणूनच तो दबलेला, हौसराव."

त्यांनी मान हलवली. जाताना मुलीला सारजाबाईंकडे दिलं.

९ डिसेंबर, बुधवार. शिरूर

इथल्या साखरबाईंचाही निष्कर्ष झाला. त्यांची मुलगी आमच्या शाळेत आहे. नवरा पोपटराव त्यांच्या गावच्या सोसायटीचा चेअरमन, घरची बागायत, तालुक्यात वजन. मारतो, असं त्या गेल्या खेपेला हळू आवाजात बोलल्या होत्या. कृपामावशींनीच त्यांना मुलीचं निमित्त सांगून बोलावून घेतलं होतं.

डॉक्टरांचा निष्कर्ष वेगळाच निघाला. कल्पनेचा अतिरेक. घडलं नाही तेही घडल्यासारखं वाटणं, थोडं घडलं ते फार वाटणं. मी सोपं करून सांगितलं, "तुमचं मन गोष्टी वाढवून दाखवतं. दर वेळी स्वतःला विचारायचं, हे खरंच झालं का?"

साखरबाई म्हणाल्या, "आमचे मालकबी आसंच म्हंत्यात."

बघा, दोन वेगळ्या माणसांचं एकच मत. कृपामावशींना हे सांगितलं तर त्या पोळी लाटायच्या थांबल्या. "त्या बाईच्या पाठीवरचे वळ मी पाहिलेत, दबोरा." मी म्हटलं, कधीतरी पडल्या असतील. मावशींनी तव्यावरची पोळी करपली तरी उलटली नाही.

१९ डिसेंबर, शनिवार. दौंड

चाचणी किती खरी असते! हौसरावांमध्ये आता तो राग दिसू लागलाय. सारजाबाई सांगत होत्या, घरातली विळी आणि कोयता त्यांनी शेजारी नेऊन ठेवला. भाजी चिरायला रोज शेजारी जावं लागतं. जेवायला एकटे बसतात. काल पोरगी जवळ गेली तर ओरडले, "उचल तिला!" सारजाबाई घाबरल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याचा मोठा आवाज ऐकला नव्हता.

मी सगळं लिहून घेतलं. डॉक्टरांनी वाचलं आणि त्यांचे डोळे चमकले. "इतक्या लवकर!" म्हणाले.

हौसरावांना झोप येते का, हे मी विचारायचंच विसरले. त्याच्यासाठी तर ते आले होते.

२६ डिसेंबर, शनिवार. दौंड

काल नाताळ. उपासनेनंतर पपांनी नेहमीप्रमाणे कॉलनीतल्या ओळखीच्यांना फराळाला बोलावलं. सारजाबाई मुलीला घेऊन आल्या. हौसराव अंगणातच, जांभळीखाली उभे राहिले. पपा बाहेर गेले, हाताला धरून आत आणू लागले, तर त्यांनी हात सोडवून घेतला. "नगं, गार्डसाहेब. आत लेकरं हायती."

पपा आत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा होता. "काय सांगितलंस तू त्याला?" मी म्हटलं, ते गुप्त असतं. पपांनी करंजीची परात माझ्या हातातून घेतली आणि स्वतः फिरवली.

आज सकाळी सारजाबाई मुलीला घेऊन खुटबावला सासरी गेल्या. हौसरावांनीच गाडीत बसवून दिलं. डब्यापासून लांब उभे होते म्हणे.

१३ जानेवारी १९६०, बुधवार. शिरूर

आज जे झालं ते लिहावं की नाही कळत नाही.

साखरबाई आल्या. पदराखाली डावा हात. खुर्चीवर बसल्या आणि हात टेबलावर ठेवला, दुकानात वस्तू दाखवायला ठेवतात तसा. मनगट वांग्यासारखं सुजलं होतं, निळं-काळं, आणि हाताचा पंजा नको त्या बाजूला वळला होता.

"बाई, ह्ये सुजलंया का? का मला तसं वाटतंय?"

त्यांनी हात माझ्याकडे सरकवला.

"मालक म्हंत्यात काय बी झालं न्हाई. दुकतंय तर लई. पर तुम्हीच म्हनला व्हता, माझं मन वाढवून दावतं. म्हून म्हटलं, बाईंनाच दाखवावं. तुम्ही नुसतं सांगा, हाय का न्हाई."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "थांबा, डॉक्टरांना विचारते." डोळ्यांपुढं सूज होती आणि मी विचारायला गेले.

डॉक्टरांनी बाहेरून, खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं. म्हणाले, "अद्भुत आहे. काही सांगू नका. निरीक्षकानं मध्ये पडायचं नसतं. दवाखान्यात पाठवा, पण हो-नाही काही म्हणू नका." मी बिचकले तसे ते म्हणाले, "तुम्ही भावनेच्या आहारी जाणाऱ्या नाहीत, मला माहीत आहे."

मी साखरबाईंना म्हटलं, दवाखान्यात दाखवून या. त्या विचारत राहिल्या, "पर हाय का न्हाई?" मी खिडकीकडे बघत होते.

कृपामावशी त्यांना घेऊन गेल्या. हाड मोडलं होतं.

१४ जानेवारी

डोकं दुखतंय. मी भावनेच्या आहारी जाणारी नाही. मी भावनेच्या आहारी जाणारी नाही.

२३ जानेवारी, शनिवार. दौंड

हौसरावांनी सांध्याचं काम सोडलं. कुणी काढलं नाही, स्वतःच साहेबांपुढे जाऊन उभे राहिले, म्हणाले माझ्या हातात गाड्या देऊ नका. आता फलाटावर पाण्याच्या टाक्या भरतात. पपांनी त्यांना विचारलं, "काय केलंस म्हणून असं करतोस?" ते म्हणाले, "केलं न्हाई अजून."

पपांनी हे मला सांगितलं आणि उत्तराची वाट बघत बसले. मी हौसरावांची सगळी उत्तरं काढून पुन्हा वाचली. राग येतो का, न्हाई. मारावंसं वाटलं का, न्हाई. चित्रात काय दिसतं? फुलपाखरू. दुसऱ्यात? ह्ये बी फुलपाखरूच, पर दमलेलं.

यात राग कुठं आहे? मला ज्ञान कमी असेल. बुधवारी विचारायचं.

२७ जानेवारी, बुधवार. शिरूर

विचारलं.

डॉक्टर पाईप साफ करत होते. मी म्हटलं, "हौसरावांच्या उत्तरांत राग कुठं दिसला तुम्हाला? मला सापडत नाही."

"सापडणार नाही," ते म्हणाले. "तो नाहीच."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"मी चिठ्ठ्या टाकल्या होत्या, मिस चक्रनारायण. प्रत्येक नावासमोर एक स्वभाव, जो येईल तो. हौसरावांच्या वाट्याला राग आला, त्या बाईंच्या वाट्याला कल्पना. माणूस स्वभाव घेऊन जन्मतो, की त्याला जो सांगितला जातो तो त्याचा स्वभाव होतो, हा माझा प्रश्न आहे. आणि पाहा, किती स्वच्छ उत्तर मिळतंय."

आवाजात क्रूरपणा काही नव्हता. वर्गात चांगलं उत्तर देणाऱ्या मुलीकडं बघावं तसे ते माझ्याकडं बघत होते.

"त्यांना विचारलं का नाही?"

"विचारून हा प्रयोग होत नाही."

"मग खरं कधी सांगायचं?"

"अभ्यास संपला की. अजून वर्ष-दोन वर्षं जातील."

"साखरबाईंचं हाड मोडलंय."

"ते मी मोडलं नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या नवऱ्यानं मोडलं. आपण नव्हतो तेव्हाही तो मारत होता."

"पण तेव्हा त्यांना माहीत होतं की तो मारतोय!"

मी ओरडले होते. वसतिगृहाच्या मुली खिडकीशी आल्या. डॉक्टरांनी उठून पडदा ओढला. "तुम्ही स्थिर बुद्धीच्या आहात, म्हणून मी हे तुम्हाला सांगितलं."

तेव्हा मी विचारलं, "माझीही चिठ्ठीच होती का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यानं तुमचं काही वाईट झालं का?"

३ फेब्रुवारी, बुधवार. शिरूर

या आठवड्यात दोनदा राजीनामा लिहिला आणि दोनदा फाडला. राजीनामा दिला तर खोली बंद होईल, मग साखरबाई भेटणार कुठं? आज त्या आल्या. मी टेबलाच्या अलीकडे, त्यांच्या शेजारी बसले. कृपामावशींनाही बसवलं.

म्हटलं, "मी सांगितलं ते खोटं होतं. तुमचं मन काहीही वाढवून दाखवत नाही. हात मोडलाय. त्यांनी मोडलाय."

साखरबाईंनी मोडका हात मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "म्हंजी आदीचंबी खरं?"

"सगळं खरं."

"पाटीवर चाबूक?"

"खरं."

"मागल्या साली पोटातलं गेलं ते बी? त्येंच्या लाथंनंच?"

हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. कृपामावशींनी त्यांचा बरा हात धरला. साखरबाई रडल्या नाहीत. ताठ बसल्या, जणू कुणी त्यांना त्यांचं घर परत दिलं. म्हणाल्या, "मंग मी आता तिकडं जात न्हाई." मुलीला वर्गातून बोलावून घेतलं आणि तशाच नगरच्या एस.टी.नं भावाकडे गेल्या. मावशी सोबत गेल्या.

उद्या पोपटराव शाळेत येऊन आरडाओरडा करेल. करू दे. यापुढे केंद्राची खोली मी उघडणार नाही.

६ फेब्रुवारी, शनिवार. दौंड

मला वाटलं होतं हौसरावांचंही तसंच होईल.

फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. अंगात काही राहिलं नाही त्यांच्या. मी सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, प्रयोग, डॉक्टर. हात जोडून माफी मागितली.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही भल्या हाय. माझी दया येती म्हून आसं म्हन्ता."

"नाही हो, हेच खरं आहे."

"तवाबी तुम्ही हेच म्हनला व्हता. त्याच तोंडानं."

ते बादली उचलून म्हणाले, "आन् चिठ्ठी खोटी आसंल, पर आता मला आतनं कळतंया. पोरगी रडाय लागली तवा माझं हात आसं झालं व्हतं." त्यांनी मुठी वळून दाखवल्या. बोटं पांढरी पडली होती. "आदी कवा झालं नव्हतं. म्हंजी व्हतं ना आत?"

भीतीनं मुठी वळतात, हे मी सांगितलं. गाडी आली, शिट्टीत माझं बोलणं बुडालं.

२० फेब्रुवारी, शनिवार. दौंड

पुण्याला संस्थेत जाऊन आले. पपा सोबत होते. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे ऐकलं, चहा दिला. म्हणाले, डॉक्टरांचा लौकिक मोठा आहे, तुम्हाला ताण आलेला दिसतो. डॉक्टरांनी त्यांना आधीच कळवलं होतं की मदतनीस बाई भावनाप्रधान आहेत.

परतताना गाडीत पपांनी सांगितलं, शिरूरच्या डाक बंगल्यावर डॉक्टरांचं सामान बांधलेलं दिसलं म्हणे. शिक्रापूरला नवं केंद्र निघतंय. मदतनीस म्हणून तिथल्याच एका मास्तरांना घेतलंय, गावात सगळ्यांच्या विश्वासातले. हेडबाई म्हणतात, मी जूनपासून शाळेत यावं. मी सोमवारी शिक्रापूरला जाते. त्या मास्तरांना गाठून सांगते.

२२ फेब्रुवारी, सोमवार

मास्तर भेटले. सज्जन माणूस. माझं सगळं ऐकून म्हणाले, "डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तुम्ही याल म्हणून." आणि मग, मला समजावावं तसं, "त्यांनी माझी चाचणी घेतली. मी सहजासहजी कुणाच्या बोलण्यानं फिरणारा माणूस नाही."

५ मार्च, शनिवार. दौंड

सारजाबाई खुटबावहून परत आल्या. नवऱ्याला एकटं टाकून राहवेना. मला बोलावणं आलं तेव्हा दिवे लागत होते. पपा म्हणाले, मीही येतो. मी नको म्हटलं.

क्वार्टरमध्ये चूल पेटली होती. मुलगी कोपऱ्यात लाडू खात होती. हौसराव भिंतीला टेकून बसले होते, आणि त्यांचे दोन्ही हात मनगटांशी, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलेले.

मी उंबऱ्यातच थांबले.

सारजाबाई म्हणाल्या, "हात बांदलं तर आमाला घरात घेईन म्हनले. रोज दिवस मावळला की बांदती, सकाळी कामावर जाताना सोडती. दुसरं काय करू? निदान पोरगीला बाप दिसतो." चुलीतलं लाकूड आत सारलं. "बाई, किती दिस बांदायचं आसं?"

मी म्हटलं, "एक दिवसही नको."

हौसराव हसले. किती दिवसांनी त्यांचं हसू पाहिलं. "तुम्ही सोडा मग," म्हणाले. "तुम्ही सोडलं तर मानीन."

मी त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसले. गाठ पक्की होती. त्यांनीच आवळून घेतली असणार. नखं लावून लावून सोडवली. पट्टी खाली पडली. मनगटांवर तांबडे वळ उमटले होते.

मुलगी उठून आली, लाडवाच्या हातानं त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, आणि वर चढू लागली.

"घ्या तिला," मी म्हटलं.

सारजाबाई श्वास रोखून बघत होत्या. हौसरावांनी डोळे मिटले. मुलगी मांडीवर चढली, छातीला टेकली, मिशांकडे हात नेला. त्यांचे हात मोकळे होते. ते त्यांनी मनगटाला मनगट घट्ट लावून तसेच पुढं धरून ठेवले, आणि मी कितीही म्हटलं तरी वेगळे केले नाहीत.